सूक्ष्मदर्शकाखाली पेशी निवडताना मोठ्या पेशींकडे जाणारा झुकाव: तो येतो कुठून आणि टाळायचा कसा

नाशिकमध्ये एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एन-२-४-१ आणि अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड या दोन रब्बी कांद्यांच्या पापुद्र्यातल्या पेशींचं सरासरी क्षेत्रफळ ताडून पाहायचं आहे. सूक्ष्मदर्शकाच्या १०च्या ऑब्जेक्टिव्हवर (दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) फोटो काढले, इमेजजे या फोटो मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये संगणकाकडून यादृच्छिक बिंदू टाकून घेतले, ज्या पेशीवर बिंदू पडला ती मोजली आणि फोटोच्या कडेला कापली गेलेली पेशी सोडून दिली. आकडे पाहून मार्गदर्शक म्हणाले की सरासरी फार मोठी येते आहे, निवडीतच झुकाव आहे. मैत्रीण म्हणते की दोन्ही वाणांना एकच पद्धत लावली आहे, त्यामुळे झुकाव आपोआप कटून जाईल. आता सगळं पुन्हा करायचं का?

तुमचे मार्गदर्शक बरोबर सांगताहेत. मैत्रिणीचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं, पण ते चुकीचं आहे. आणि सगळं पुन्हा करावंच लागेल असं मात्र नाही. या तिन्ही गोष्टींची कारणं नीट समजून घेतली तर पुढचं काम तुम्हाला स्वतःच आखता येईल.

तुम्ही बिंदू यादृच्छिक टाकलेत, यात शंका नाही. अडचण अशी की बिंदू यादृच्छिक असला म्हणून पेशीची निवड समान संधीने होत नाही. निफाड तालुक्याच्या गटनकाशावर डोळे मिटून खडे टाकले आणि खडा ज्याच्या गटावर पडला त्या शेतकऱ्याची जमीन लिहून घेतली, तर वीस एकरवाला एक एकरवाल्याच्या वीसपट वेळा यादीत येईल, आणि त्या यादीवरून काढलेली सरासरी जमीनधारणा खऱ्यापेक्षा बरीच मोठी निघेल. पापुद्र्यावर हेच होतं. बिंदूने पेशी निवडली की तिची निवडीची शक्यता तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते.

हा झुकाव किती मोठा असतो ते आकड्यांत पाहू. समजा १०० पेशींपैकी ८० लहान आहेत, लांबी १२५ आणि रुंदी ४० मायक्रॉन, म्हणजे क्षेत्रफळ ५,००० चौरस मायक्रॉन. उरलेल्या २० मोठ्या आहेत, ४०० बाय ५०, म्हणजे २०,००० चौरस मायक्रॉन. खरी सरासरी ८,०००. पण लहान पेशींनी मिळून व्यापलेली जागा ४ लाख आणि मोठ्या पेशींनी व्यापलेली जागाही ४ लाखच. म्हणून निम्मे बिंदू मोठ्या पेशींवर पडणार आणि बिंदूंवरून काढलेली सरासरी १२,५०० येणार. खऱ्यापेक्षा ५६ टक्के जास्त. बिंदू १०० टाका किंवा १०,००० टाका, हा फरक कमी होत नाही. नमुना वाढवल्याने चुकीचं उत्तर फक्त जास्त ठामपणे मिळतं.

यामागचं सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रमाण विचलनाला, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याच्या मापाला, सरासरीने भागायचं, त्याचा वर्ग करायचा, त्यात १ मिळवायचा. बिंदूंची सरासरी खऱ्या सरासरीच्या तेवढ्या पट येते. वरच्या उदाहरणात तो वर्ग ०.५६२५ आहे, म्हणून १.५६२५ पट. मैत्रिणीच्या मुद्द्याचं उत्तर याच सूत्रात आहे. झुकाव पद्धतीवर अवलंबून आहेच, पण त्या वाणातल्या पेशी एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत यावरही अवलंबून आहे. एका वाणात पेशी एकसारख्या आणि दुसऱ्यात लहानमोठ्या असतील, तर दोघांची खरी सरासरी तंतोतंत सारखी असूनही दुसरा वाण 'मोठ्या पेशींचा' दिसेल. संख्याशास्त्रीय चाचणीही त्या फरकाला दुजोरा देईल, कारण चाचणीला निवड कशी झाली हे माहीत नसतं. सगळ्यात घातक प्रकार हाच आहे, कारण प्रबंधात तो शोध म्हणून छापला जातो.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात अर्ध्या ओळीत येऊन गेली. कडेला कापलेल्या पेशी तुम्ही सोडल्यात. हाही झुकावच आहे, पण उलट दिशेचा. लांब पेशी कडेला आपटण्याची शक्यता जास्त, म्हणून ती जास्त वेळा वगळली जाते. तुमचा फोटो १,००० बाय ८०० मायक्रॉनचा आहे असं धरू आणि पेशी फोटोच्या लांबीच्या दिशेने आडव्या आहेत असं मानू. पेशी पूर्ण आत मावण्यासाठी जी मोकळीक मिळते ती फोटोच्या लांबीतून पेशीची लांबी वजा आणि रुंदीतून रुंदी वजा करून येते. लहान पेशीला ८७५ गुणिले ७६०, म्हणजे ६,६५,०००. मोठीला ६०० गुणिले ७५०, म्हणजे ४,५०,०००. लहानीच्या तुलनेत मोठीला दोनतृतीयांशच संधी. बिंदू न टाकता फोटोत पूर्ण दिसणाऱ्या सगळ्या पेशी मोजल्या असत्या, तर सरासरी ८,००० ऐवजी सुमारे ७,१७० आली असती. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर हाच फोटो २५० बाय २०० मायक्रॉनचा होतो. तिथे ४०० मायक्रॉनची पेशी एकदाही पूर्ण मावणार नाही आणि तुमच्या नोंदीत मोठ्या पेशी जणू अस्तित्वातच नसतील.

कडेला शिवणाऱ्या सगळ्या पेशी घेतल्या तर? मग स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची बैठक, सरकवून त्या पूर्ण मोजल्या तरी पारडं पुन्हा मोठ्यांकडे झुकतं, वरच्याच उदाहरणात सरासरी सुमारे ८,६०० येते. आणि कापलेल्या पेशीचा फक्त दिसणारा तुकडा मोजला तर ते क्षेत्रफळ पेशीचं नव्हेच. इमेजजेच्या अ‍ॅनालाइझ पार्टिकल्समध्ये 'एक्सक्लूड ऑन एजेस' ही खूण बहुतेक जण डोळे झाकून करतात. ती खूण म्हणजेच पूर्ण आतल्या पेशीच घेण्याचा, लहान पेशींच्या बाजूचा झुकाव. तिथेच 'साइझ'च्या चौकटीत कचरा गाळण्यासाठी टाकलेली किमान मर्यादा खऱ्या लहान पेशीही गाळते, हेही तपासा.

म्हणजे तुमच्या आकड्यांत दोन झुकाव एकमेकांत मिसळले आहेत. बिंदूंचा वर ओढणारा आणि कडेचा खाली ओढणारा. ते एकमेकांना नेमके कापतील असा भरवसा कधीच धरू नका. आपल्या उदाहरणात दोन्ही मिळून सरासरी सुमारे ११,०५० येते, अजूनही खऱ्यापेक्षा ३८ टक्के जास्त.

उपायाकडे वळण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुम्हाला कोणती सरासरी हवी आहे? 'या वाणाची एक पेशी सरासरी किती मोठी' असा प्रश्न असेल, तर प्रत्येक पेशीला समान मत हवं, लहान असो की मोठी. वाणांची तुलना, पेशीविभाजन, पेशींची वाढ यांसाठी हीच सरासरी लागते. पण प्रश्न असा असेल की पानावर पडणारा भुरीचा बीजाणू किंवा फवारणीचा थेंब सरासरी किती मोठ्या पेशीवर पडतो, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात निवड हीच योग्य आहे, कारण निसर्गही तिथे बिंदूच टाकतो आहे. आणि पापुद्र्याचा किती टक्के भाग रंगद्रव्य असलेल्या पेशींनी व्यापला आहे हे काढायचं असेल, तर बिंदू मोजण्याइतकी सोपी आणि झुकावमुक्त पद्धत दुसरी नाही. बिंदूंची पद्धत स्वतः वाईट नाही. वेगळ्या प्रश्नासाठीची पद्धत तुमच्या प्रश्नाला लागली आहे, इतकंच. तुमचा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे असं धरून पुढे जाते.

हाती असलेली माहिती वाचवता येते का, ते आधी पाहू. प्रत्येक पेशी कोणत्या शक्यतेने निवडली गेली हे आपल्याला माहीत आहे, म्हणून त्या शक्यतेचा व्यस्तांक तिला वजन म्हणून द्यायचा. इमेजजेच्या सेट मेझरमेंट्समध्ये 'बाउंडिंग रेक्टँगल' निवडा, म्हणजे प्रत्येक पेशीची फोटोच्या बाजूंना समांतर असलेली लांबी आणि रुंदी मिळेल. एक्सेलमध्ये चार रकाने करा: क्षेत्रफळ, लांबी, रुंदी आणि वजन. वजन म्हणजे १ भागिले तीन गोष्टींचा गुणाकार: पेशीचं क्षेत्रफळ, फोटोची लांबी वजा पेशीची लांबी, आणि फोटोची रुंदी वजा पेशीची रुंदी. मग वजन गुणिले क्षेत्रफळ यांची बेरीज भागिले वजनांची बेरीज, ही तुमची दुरुस्त सरासरी. कडेच्या पेशी सोडल्या नसत्या आणि स्टेज सरकवून पूर्ण मोजल्या असत्या, तर नुसता हरात्मक मध्य पुरला असता: पेशींची संख्या भागिले प्रत्येक क्षेत्रफळाच्या व्यस्तांकांची बेरीज. ५,००० आणि २०,००० सारख्याच संख्येने आले असतील तर हरात्मक मध्य बरोबर ८,००० येतो, करून पाहा.

या दुरुस्तीच्या मर्यादा आहेत. एकाच पेशीवर दोन बिंदू पडले असतील तर ती पेशी दोनदा धरायला हवी. 'ही तर झाली आहे' म्हणून दुसरा बिंदू टाकून दिला असेल तर वजनाचं गणित बिघडतं. दुसरं, अगदी लहान पेशींना प्रचंड वजन मिळतं. वजनांच्या रकान्यात सगळ्यात जड पाच पेशींचा वाटा किती आहे ते पाहा. तो एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असेल, तर त्या सरासरीवर मी स्वतः विसंबणार नाही, कारण त्या पाचांपैकी एकीची बाह्यरेषा चुकली तरी उत्तर हलेल. तिसरं, फोटोपेक्षा लांब पेशी नमुन्यात आलेलीच नाही, आणि जी आलीच नाही तिला वजन देता येत नाही.

नव्याने करायचं झालं तर बिंदू सोडा आणि चौकट वापरा. ही चौकट डॅनिश संशोधक गुंडरसेन यांनी १९७७ मध्ये मांडली. फोटोवर एक आयत काढा. डावी आणि खालची कड लाल, उजवी आणि वरची कड हिरवी. डावी लाल कड वरच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ वर फोटोच्या टोकापर्यंत वाढवा, आणि खालची लाल कड जिथे संपते त्या उजव्या कोपऱ्यातून सरळ खाली आणखी एक लाल रेषा न्या. नियम एकच: जी पेशी चौकटीच्या आत थोडी तरी येते आणि लाल रेषेला कुठेही शिवत नाही, ती घ्यायची. हिरव्या कडेला शिवली, बाहेर गेली, तरी घ्यायची आणि पूर्ण मोजायची. लाल रेषेला नुसती शिवली तरी सोडायची, मग ती कितीही सुरेख दिसत असो.

हे का चालतं? अशा चौकटी फरशीसारख्या शेजारी शेजारी मांडून सगळा पापुद्रा झाकला, तर प्रत्येक पेशी नेमक्या एकाच चौकटीत मोजली जाते. लांब असो, वाकडी असो, एकदाच. त्यामुळे यादृच्छिक ठेवलेल्या चौकटीत प्रत्येक पेशीची शक्यता सारखी राहते. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत न्यूबॉर चेंबरवर रक्तपेशी मोजताना दोन लगतच्या कडांवरच्या पेशी घ्यायच्या आणि उरलेल्या दोन कडांवरच्या सोडायच्या हा नियम सगळे शिकतात. मूळ तत्त्व तेच. रक्तपेशी चौकोनाच्या मानाने बारीक आणि गोल असतात, म्हणून तिथे वाढीव लाल रेषांवाचून भागतं. कांद्याची पेशी लांबट आहे, इथे त्या रेषा गाळू नका. वरच्या डाव्या कोपऱ्याबाहेरून वळसा घेऊन आत येणारी पेशी त्या रेषेमुळेच सुटते, नाहीतर ती दोन चौकटींत मोजली जाते.

चौकट आणि फोटोची कड यांच्यामध्ये चहूबाजूंनी पट्टी सोडणं अत्यंत आवश्यक आहे, आणि काम बहुतेक वेळा इथेच बिघडतं. चौकटीत डोकावणारी प्रत्येक पेशी पूर्ण दिसली पाहिजे, तिचं दुसरं टोकसुद्धा, नाहीतर ती लाल रेषेला शिवते की नाही हे कळणारच नाही. म्हणून पट्टीची रुंदी सगळ्यात लांब पेशीपेक्षा जास्त हवी. ४०० मायक्रॉनच्या पेशींसाठी ४५० धरली, तर तुमच्या १०च्या ऑब्जेक्टिव्हच्या १,००० मायक्रॉन लांब फोटोत चौकटीला फक्त १०० मायक्रॉन उरतात. ४च्या ऑब्जेक्टिव्हवर तोच फोटो २,५०० बाय २,००० होतो आणि मध्ये ४०० बाय २०० ची चौकट आरामात बसते. ४च्या साध्या ऑब्जेक्टिव्हचं न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर (भिंग किती बारीक तपशील दाखवू शकतं हे ठरवणारा आकडा) ०.१० असतं, हिरव्या प्रकाशात ते साधारण ३.४ मायक्रॉनपर्यंतचं वेगळं दाखवतं. ४०-५० मायक्रॉन रुंद पेशीची कड आखायला हे चालतं, मात्र कड सगळीकडे पेशीभित्तीच्या मध्यावरूनच आखा. याहून बारीक दिसायला हवं असेल तर १०वर फोटो काढून जोडून घ्या. कोणत्याही ऑब्जेक्टिव्हवर स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडचा, फोटो त्याच दिवशी, त्याच कॅमेरा-जोडणीवर काढा. एक मिलिमीटरचे १०० भाग असतात, प्रत्येक १० मायक्रॉनचा. मोजणी एकदोन भागांवर न करता निदान ५० भागांवर करा.

संगणकानेच पेशी वेगळ्या करून घेत असाल तर लाल-हिरव्या कडांऐवजी केंद्रबिंदूचा नियम सोपा पडतो. मोठ्या फोटोतल्या सगळ्या पेशी मोजा, 'सेंट्रॉइड'चे एक्स-वाय आकडे घ्या आणि ज्यांचा केंद्रबिंदू आतल्या चौकटीत आहे त्याच ओळी ठेवा. प्रत्येक पेशीला केंद्रबिंदू एकच, म्हणून संधीही सारखी. पट्टीची अट इथेही तीच.

चौकटीत आलेल्या सगळ्या पेशी मोजायच्या. बारा आल्या तर बाराच्या बारा. त्यांतल्या 'नीट दिसणाऱ्या' सहा निवडल्या की झुकाव मागच्या दाराने परत आला, कारण नजर मोठ्या, ठळक रंगलेल्या पेशींवरच थांबते. काम जास्त होत असेल तर चौकट लहान करा.

चौकट कुठे ठेवायची हे आयपीसमधून बघून ठरवू नका. पापुद्रा मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्या, तो एकेरी थरात सहज सुटतो. १२ बाय १२ मिलिमीटरचा तुकडा कापा, पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडता पसरवा, सॅफ्रानिनने हलका रंगवा, कव्हरस्लिप तिरकी धरून हळू टेकवा. भोवतालची १ मिलिमीटर कड सोडून मधला १० बाय १० मिलिमीटरचा भाग हे तुमचं क्षेत्र. फोटोंमधलं अंतर ३ मिलिमीटर ठेवा. सुरुवात यादृच्छिक हवी: एक्सेलच्या रँडबिटवीनने ० ते २९ मधला एक आकडा आडव्या दिशेसाठी आणि एक उभ्या दिशेसाठी घ्या, त्याला १० ने भागा, स्टेजच्या व्हर्नियरवर ०.१ मिलिमीटरपर्यंत तेवढं सरका, आणि तिथून प्रत्येकी ३ मिलिमीटरवर फोटो घेत जा. सुरुवात कुठे पडली त्यानुसार ९, १२ किंवा १६ जागा येतील. 'प्रत्येक स्लाइडचे दहाच फोटो' असा हट्ट धरून जास्तीच्या जागा गाळू नका. वरच्या उदाहरणातल्या पेशी असतील तर ४०० बाय २०० च्या चौकटीत सरासरी १० पेशी येतात, म्हणजे एका पापुद्र्यातून शंभराच्या आसपास. तेवढ्या पुरेशा आहेत.

एखादी जागा फाटलेल्या भागावर किंवा हवेच्या बुडबुड्यावर पडेलच. शेजारची चांगली जागा शोधू नका. ती जागा 'खराब' म्हणून नोंदवा आणि पुढे जा. खराब जागा एकूण जागांच्या दहाव्या हिश्शाहून जास्त झाल्या तर स्लाइडच नवी करा, कारण पापुद्रा कुठे फाटतो याचा पेशींच्या आकाराशी संबंध असू शकतो.

कांद्याच्या पापुद्र्याने तुम्हाला एक फार सुंदर तपासणी दिली आहे. तिथे पेशींमध्ये रिकामी जागा नसते. म्हणून पेशीचं सरासरी क्षेत्रफळ गुणिले एका चौरस मिलिमीटरमधल्या पेशींची संख्या बरोबर १ चौरस मिलिमीटर यायला हवी. लाल-हिरव्या चौकटीने मोजून १ चौरस मिलिमीटरला १२५ पेशी आल्या, तर सरासरी ८,००० चौरस मायक्रॉनच असली पाहिजे. तुमच्या बिंदूंनी १२,५०० सांगितली तर १२५ पेशी १.५६ चौरस मिलिमीटर जागा मागताहेत, जे शक्यच नाही. गुणाकार १ पेक्षा बराच वर गेला तर निवड मोठ्यांकडे झुकली आहे, खाली आला तर लहानांकडे, किंवा तुम्ही भित्तीच्या आतल्या कडेने आखलं आहे. यातून एक सोय अशीही निघते की फक्त सरासरीच हवी असेल तर एकही पेशी आखायची गरज नाही. चौकटींमधल्या पेशी मोजा आणि चौकटींचं एकूण क्षेत्रफळ त्या संख्येने भागा. आकारांचं वितरण किंवा दोन वाणांमधला विखुरलेपणा दाखवायचा असेल तरच आखणीचे कष्ट घ्या.

इथपर्यंत पेशींचं झालं. पण हाच झुकाव कांदा निवडतानाही होतो आणि तिकडे फारसं कुणी पाहत नाही. लासलगावहून किंवा शेतावरून आणलेल्या गोणीत हात घातला की मोठा, गोलसर कांदाच हाती येतो. गोणी ओतून सगळे कांदे एका रांगेत लावा, मोजा, यादृच्छिक सुरुवात करून ठरावीक अंतराने उचला. प्रत्येक कांद्यात सुके पापुद्रे काढल्यानंतरची तिसरी मांसल पाकळी आणि तिचा मध्यपट्टा घ्या, कारण पाकळीगणिक आणि जागेगणिक पेशींचा आकार बदलतो. आणि विश्लेषणात एकक कांदा आहे, पेशी नव्हे. एका कांद्याच्या १०० पेशी म्हणजे १०० स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. दोन कांद्यांच्या प्रत्येकी ५०० पेशींपेक्षा दहा कांद्यांच्या प्रत्येकी १०० पेशी कितीतरी जास्त सांगतात, कष्ट तेवढेच. दोन्ही वाण वेगवेगळ्या शेतांतले असतील तर दिसलेला फरक वाणाचा की शेताचा, हे कोणतीही चौकट सांगू शकणार नाही.

बिंदूंऐवजी रेषा टाकून रेषेवर येणाऱ्या पेशी घ्याव्यात का, असाही विचार मनात येऊ शकतो. तिथे शक्यता रेषेला काटकोनात असलेल्या लांबीच्या प्रमाणात जाते. कांद्याच्या पेशी एकाच दिशेने लागलेल्या असतात, त्यामुळे त्यांना आडवी रेषा लांब पेशी जास्त पकडते आणि समांतर रेषा रुंद पेशी. तुमच्या कामाला हा मार्ग घेऊ नका.

पापुद्रा एकेरी थराचा आहे म्हणून हे सगळं सपाट पृष्ठावर भागलं. पुढे छेद घेऊन काम करणार असाल, समजा थॉम्पसन सीडलेस द्राक्षाच्या गरातल्या पेशी, तर कोणतीही सपाट चौकट एकटी पुरत नाही. छेद ज्या पेशींमधून जातो त्यांची निवड छेदाला काटकोनातल्या त्यांच्या उंचीच्या प्रमाणात होते. उंच पेशी जास्त वेळा कापल्या जातात. शिवाय कापलेला चकतीचा आकार पेशीच्या मध्यातून गेलेला असेलच असं नाही. सगळ्या पेशी अगदी सारख्या गोल असल्या तरी पातळ छेदातल्या चकत्यांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या ०.७८५ पट आणि सरासरी क्षेत्रफळ मधल्या चकतीच्या दोनतृतीयांश येतं. म्हणजे निवड मोठ्यांकडे झुकलेली आणि मोजमाप लहान आलेलं. स्वीडिश संख्याशास्त्रज्ञ विकसेल यांनी १९२५ मध्ये हा प्रश्न गणितात मांडला. पण त्या मार्गाने चकत्यांवरून मागे जाण्यासाठी पेशी गोल आहेत असं गृहीत धरावं लागतं, आणि द्राक्षाच्या गरातल्या पेशी तशा नसतात.

१९८४ मध्ये आलेल्या डायसेक्टर या दोन छेदांच्या पद्धतीने ही गृहीतकाची गरज काढून टाकली. दोन समांतर छेद घ्यायचे, त्यांच्यातलं अंतर सर्वसाधारण पेशीच्या उंचीच्या पाव ते तृतीयांश. चौकटीच्या नियमाने पहिल्या छेदात निवडलेल्या पेशींपैकी ज्या दुसऱ्या छेदात दिसत नाहीत, त्याच मोजायच्या. प्रत्येक पेशीचं त्या दिशेचं शेवटचं टोक एकच असतं, म्हणून उंच असो की ठेंगणी, संधी सारखी. जाड छेद असेल तर हेच फाइन फोकसने करता येतं: पेशीचं टोक ठरलेल्या खोलीत फोकसमध्ये आलं तरच ती घ्यायची. छेदाचा वरचा आणि खालचा थर चाकूने खराब झालेला असतो, तो सोडा. कोरड्या ऑब्जेक्टिव्हने खोली मोजू नका. अपवर्तनांकातल्या फरकामुळे स्टेज जितकी सरकते त्यापेक्षा फोकस नमुन्यात जास्त खोल जातो. यासाठी ऑइल इमर्शन, म्हणजे तेलाचा थेंब लावून वापरायचं ऑब्जेक्टिव्ह, हवं.

आता तुमच्यापुरतं. दोन्ही वाणांचे प्रत्येकी दोन कांदे घ्या, ज्यांचे जुने फोटो तुमच्याकडे आहेत आणि ज्यांच्या स्लाइड अजून शाबूत आहेत, आणि त्यांच्यावर ४च्या ऑब्जेक्टिव्हने चौकटीची पद्धत चालवा. चार स्लाइड म्हणजे एकदोन दिवसांचं काम. जुन्या माहितीवरची दुरुस्त सरासरी आणि चौकटीची सरासरी चारही कांद्यांत एकमेकांच्या ५-७ टक्क्यांत असतील, तर बाकीची जुनी माहिती वजन देऊन वापरा आणि प्रबंधात वजनाचं सूत्र लिहा. फरक जास्त असेल, किंवा चौकटीत तुमच्या जुन्या फोटोच्या निम्म्याहून लांब पेशी सापडल्या, तर जुनं बाजूला ठेवा. पद्धतीच्या प्रकरणात या गोष्टी आकड्यांनिशी द्या: चौकटीची लांबीरुंदी, भोवतालची पट्टी, फोटोंमधलं अंतर, सुरुवातीचा यादृच्छिक आकडा कसा घेतला, किती जागा खराब निघाल्या, प्रत्येक कांद्यात किती पेशी आल्या, आणि सरासरी गुणिले घनता (एका चौरस मिलिमीटरमधल्या पेशी) हा गुणाकार प्रत्येक कांद्यात किती आला. मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न निवडीवरच विचारतील, तेव्हा हा शेवटचा रकाना त्यांच्यापुढे ठेवा.